छावणीतलं नळकोंडाळं: कॉक्स बाजारहून सोलापूरला परतल्यावर

उजनीकाठ (धागा सुरू केला)

परवा पहाटे साडेचारला आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं. पाचव्या दिवशी. आई उठली, मी उठले, वरच्या मजल्यावरच्या काकू उठल्या. पाइप, बॅरल, हंडे, सगळी धावपळ. शेजारी मोटार लागली आणि आमची धार करंगळीएवढी झाली, त्यावरून दोन शब्दही झाले. पाणी भरून झाल्यावर चहा घेताना आई म्हणाली, "आपलं जिणं निर्वासितांसारखंच झालंय बघ."

मी काही बोलले नाही. चाळीस वर्षं पाणी भरून तिचे खांदे गेलेत, तिला काय सांगणार. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहायला बसले.

मी पाणीपुरवठ्यातली इंजिनिअर. शिक्षण सोलापुरातच झालं. ऑक्टोबर २०२२ ते डिसेंबर २०२३ मी बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात, उखियाजवळच्या रोहिंग्या छावण्यांमध्ये एका मदतसंस्थेसाठी काम केलं. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त माणसं नाफ नदी आणि सरहद्द ओलांडून तिथं आली. आधी आलेली धरून आकडा मी होते तेव्हा दहा लाखांच्या आसपास होता. आपल्या सोलापूर शहराची लोकसंख्या डोळ्यांसमोर आणा. तेवढी माणसं झाडं तोडून उघड्या केलेल्या मातीच्या टेकड्यांवर, बांबू आणि ताडपत्रीच्या खोपट्यांत राहतात. एकावर दुसरी इमारत नाही, सगळं जमिनीलगत, एका खोपट्याच्या कुडाला दुसऱ्याचा कूड लागलेला.

माझं काम नळकोंडाळ्यांचं. खोल बोअर, त्यावर सौर पंप, टेकडीच्या माथ्यावर टाकी, तिथून पाइप आणि खाली चार-सहा तोट्यांचं कोंडाळं. सुरुवातीच्या घाईत, २०१७ साली, लोकांनी आणि संस्थांनी उथळ हातपंप आणि संडास अगदी शेजारी-शेजारी खणले होते. त्यामुळं पाणी नासलं आणि कितीतरी पंप कोरडेही पडले. आम्ही गेलो तोवर ते बरंच निस्तरलं होतं.

आमच्या क्षेत्रात जगभर पाळायचे काही किमान आकडे ठरलेले आहेत. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, एका तोटीवर जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून तोटी ५०० मीटरच्या आत, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबायला लागू नये. ऐकायला बरं वाटतं. आता हिशेब करा. तोटीची धार मिनिटाला साडेसात लिटर धरतात. २५० माणसांना १५ लिटरप्रमाणं ३,७५० लिटर लागतात. म्हणजे ती तोटी दिवसाला आठ तास वीस मिनिटं न थांबता वाहिली पाहिजे आणि मधे एकही कळशी बदलताना वेळ जाता कामा नये. आमच्या एका भागात उन्हाळ्यात तोट्या सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालत. चार तासांत १,८०० लिटर, माणशी सात लिटर आणि वर थोडं. पिणं, रांधणं, भांडी, अंघोळ, धुणं, लेकरांची ढुंगणं, बाईची पाळी, सगळं त्या सात लिटरांत.

तिथं एका बाईंशी माझी ओळख झाली. त्यांना इथं मी भाभी म्हणते. नवरा २०१७ लाच गेला, तीन मुलं, सासू. भाभींचा दिवस पहाटे कळशी रांगेत ठेवण्यानं सुरू होई. स्वतः उभं राहता येत नसे, म्हणून कळशी ठेवायची. बाया आपली कळशी ओळखावी म्हणून तिच्या गळ्याला चिंधी बांधत. भाभींची चिंधी हिरवी. तोटी सुरू झाली की पुढं सरकायचं, भरायचं, आणि ओल्या चिकणमातीच्या उतारावर वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्यांनी वर चढायचं. पावसाळ्यात त्या पायऱ्या वाहून जात. एका खेपेला पंधरा लिटर. अशा दोन-तीन खेपा. मग रेशनची रांग, गॅसच्या टाकीची रांग, दवाखान्याची रांग. घरात मोठा पुरुष नसेल तर या सगळ्या रांगा एकाच बाईच्या.

आणि संडास. वीस माणसांमागं एक असावा हा आकडा. तो गाठलेला असला तरी अंधारात तिथवर जाणं ही निराळीच गोष्ट. कितीतरी बाया संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. काही दिवसाही कमी पितात. पाणी कमी मिळतं म्हणून नव्हे, पाणी पिलं की जावं लागतं म्हणून. बहुतेकींनी खोपट्यातच एका कोपऱ्यात ताडपत्री लावून अंघोळीची जागा केलेली. त्या कोपऱ्यातली ओल सगळ्या घरात पसरते आणि त्याच जमिनीवर रात्री अंथरूण पडतं.

एकदा भाभींनी विचारलं, तुमच्या गावी पाणी कसं येतं? मी सांगितलं, नळ घरात आहे, पण पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. दुभाष्या मुलीनं ते रोहिंग्यात सांगितलं तशा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पाच दिवस? मग तुम्ही पिता काय?" त्यांच्या चेहऱ्यावर आमच्याबद्दल खरीखुरी काळजी होती. मी बॅरल, टाकी, मोटार असं काय-काय सांगितलं. सांगता सांगता कळत गेलं की साठवायला जागा असणं हीच केवढी गोष्ट आहे. आमच्या घरी दोनशे लिटरची तीन निळी बॅरलं आहेत. भाभींच्या पाच माणसांच्या घराला रोज १५ लिटरप्रमाणं पूर्ण पाणी मिळालं असतं तरी ते ७५ लिटर झालं असतं, अर्धं बॅरलही नाही.

आईला मला हेच सांगायचं होतं. आपल्याकडं नळ आला नाही तर आपण नगरसेवकाला फोन लावतो, झोन ऑफिसात जातो, हंडे घेऊन मोर्चा काढतो. त्यांच्याकडं भांडायलाच कुणी नाही. १९८२ च्या कायद्यानं म्यानमारनं त्यांना नागरिक मानणं सोडलं, आणि बांगलादेशच्या लेखी ते कागदावर निर्वासितही नाहीत, 'जबरदस्तीनं विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक' आहेत. मतदार नसलेल्या माणसाची तक्रार कुठल्या खिडकीवर घेतात?

---

बाळीवेस

ताई, एका दमात वाचलं. आमच्याकडं बी कालच पाणी आलं, त्यामुळं जास्तच भिडलं. खायचं काय मिळतं तिकडं? काम करू देतात का?

---

उजनीकाठ

@बाळीवेस, छावणीबाहेर जाऊन काम करायला कायद्यानं परवानगी नाही. आत मदतसंस्थांची थोडी रोजंदारी असते, पायऱ्या बांधणं, गटारं साफ करणं अशी. ती पाळीपाळीनं मिळते. बाकी सगळा भार रेशनवर. कार्डावर दरमहा माणशी ठराविक रक्कम जमा होते आणि छावणीतल्या ठरलेल्या दुकानातून तांदूळ, डाळ, तेल, मीठ, कांदा, अंडी असं घ्यायचं.

मी असताना ती रक्कम माणशी १२ डॉलर होती. पैसा कमी पडला म्हणून १ मार्च २०२३ पासून १० झाली आणि जूनमध्ये ८. आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसहाशे रुपये. महिन्याचे. दिवसाला बावीस रुपयांत तीन वेळचं. पुढं २०२४ मध्ये ती पुन्हा वाढवली, पण ते मधले महिने मी डोळ्यांनी पाहिलेत. आधी अंडी गेली, मग भाजी, मग डाळ पातळ झाली. भाभींनी गॅसची टाकी जास्त दिवस पुरावी म्हणून दिवसातून एकदाच भात शिजवायला सुरुवात केली. सकाळचा भात संध्याकाळी पाणी घालून. मोठ्या मुलाला, तो तेरा वर्षांचा, एका चहाच्या टपरीवर ठेवलं.

गॅस २०१८ पासून मिळायला लागला हे मात्र फार चांगलं झालं. त्याआधी बायापोरी सरपणासाठी जंगलात जात, हत्तींची वाट तिथूनच. सुरुवातीच्या काळात हत्तींनी माणसं तुडवल्याच्या घटना घडल्यात.

---

शेळगी

लेख चांगला आहे, पण मनात आलं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपल्याच जिल्ह्यात करमाळा, सांगोला, मंगळवेढा भागात उन्हाळ्यात टँकरमागं पळणाऱ्या बाया आहेत. ऊसतोडीला जाणारी माणसं सहा-सहा महिने पालात राहतात. शिकलेल्या माणसानं आधी आपल्या माणसांसाठी करायला नको का?

---

उजनीकाठ

@शेळगी, राग नाही. पालात राहणाऱ्या बायांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि मी आता करतेय ते काम जिल्ह्यातल्याच गावांमध्ये आहे. पण एक सांगते. छावणीत मी शिकले ते इथं वापरतेय. तोट्यांचा जो हिशेब वर दिलाय तोच मी एका ग्रामपंचायतीत फळ्यावर मांडला. सरपंचबाई म्हणाल्या, मग आमच्या वस्तीवरच्या एका तोटीवर किती माणसं? मोजली तर ३१० निघाली. दोन तोट्या वाढल्या.

उलटंही झालं. टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, आणि पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून बघायची ओटी टेस्ट मी इथं शिकले होते. तिथं लोक पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून तोटीचं पाणी सोडून ओढ्याचं पाणी आणत. आमच्या एका वरिष्ठांना वाटे, पत्रकं वाटली की होईल. मला आपल्याकडच्या आशाताई आठवल्या. तिथल्याच बायांना टेस्टचं किट हातात दिलं, पिवळा रंग कसा बघायचा दाखवलं. ज्या दिवशी बाया स्वतः रंग बघायला लागल्या त्यानंतर ओढ्यावर जाणं कमी झालं.

---

सातरस्ता

@शेळगी, डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचेच ना? १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली तिथंच वारले, वय ३२. त्यांनाही तेव्हा कुणीतरी हेच विचारलं असेल.

---

निवृत्त सिस्टर

मी सहसा इथं लिहीत नाही, वाचते. पण किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापुरात नोकरीला होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन माणसं दमून झोपलेली. माळवदाची घरं, जाड दगडमातीच्या भिंती, सगळं अंगावर. सकाळपासून ट्रकनं, टेम्पोनं जखमी सोलापुरात यायला लागले. किती तास उभी होते माहीत नाही. केसांत, कानांत, तोंडात माती भरलेली माणसं. आधी तोंडातली माती काढायची, मग बाकीचं.

पण मला लिहायचंय ते नंतरचं. त्यानंतर मी सुट्टी काढून औसा भागातल्या एका गावात महिनाभर राहिले. पत्र्याच्या शेडमध्ये वस्ती. दुपारी आत बसवत नसे, पाऊस आला की बोललेलं ऐकू येत नसे. मदत भरपूर आली, देशभरातून. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात कुजत पडलेले मी पाहिलेत. पँटी, स्वेटर, पार्टीचे झगे. तिथल्या बायांना नऊवारी लुगडं आणि खण हवा होता. एक म्हातारी माझ्यापाशी आली आणि कानात म्हणाली, "बाई, आतल्या कपड्याचं कुणीच आणत नाही गं." ते आजही माझ्या कानात आहे.

तिथंही बाया अंधार पडायची वाट बघत, संडासला जायला. उजनीकाठ, तू लिहिलंस ते वाचून अंगावर काटा आला, तीस वर्षांत आणि दुसऱ्या देशात तेच.

एक फरक मात्र मोठा. किल्लारीच्या माणसांची जमीन जागेवर होती, सातबारा होता, आपलं सरकार होतं. उशिरा का होईना, ५२ गावं नव्यानं वसली. आज तिथं नातवंडं पक्क्या घरात वाढतायत.

---

जुळे सोलापूर

मग छावणीत पक्की घरं का बांधून देत नाहीत? इतकी वर्षं झाली म्हणजे थोडा काळ नाही.

---

उजनीकाठ

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. कपड्यांचं आणि आतल्या कपड्यांचं जे लिहिलंत ते मदतीला जाणाऱ्या प्रत्येकानं वाचावं.

@जुळे सोलापूर, कारण पक्कं बांधलं की माणसं कायमची राहतील ही सरकारची भीती. म्हणून वीट-सिमेंट नको, फक्त बांबू आणि ताडपत्री. 'तात्पुरतं' हा तिथला सगळ्यात मोठा शब्द आहे. माझ्या आराखड्यांवर तो शिक्का असायचा. टाकी तात्पुरती, पाइप तात्पुरता, शाळा तात्पुरती. बांबूला भुंगा लागतो, दोन-तीन वर्षांत आतून पीठ होतं, मग पुन्हा बांबू. मूळ खर्चाहून जास्त पैसा त्याच त्या दुरुस्तीत जातो. बांगलादेशला मी दोष देत नाही. स्वतः इतका दाट वस्तीचा देश, तरी त्यांनी दार उघडलं. परत पाठवायचे प्रयत्न नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये झाले, पण एकही कुटुंब जायला तयार झालं नाही. जाणार कुठं? गावं जळालेली आणि नागरिकत्वाचा शब्द कुणी दिलेला नाही.

आणि बांबू-ताडपत्रीला आग लागते. २२ मार्च २०२१ ची आग फार मोठी होती, मी तेव्हा नव्हते. ५ मार्च २०२३ ची पाहिली. अकरा नंबरच्या छावणीत दुपारी लागली. गॅसच्या टाक्या फुटल्याचे आवाज आमच्या कार्यालयापर्यंत येत होते. सुमारे दोन हजार खोपटी गेली, बारा हजार माणसं उघड्यावर. आमची दोन कोंडाळी वितळली, प्लॅस्टिकचे पाइप मेणासारखे वाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्याचा टँकर घेऊन गेलो. राखेत बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसानं मला पाणी मागितलं नाही. रेशनकार्ड जळालं तर नवीन कुठं मिळतं, एवढंच विचारलं.

दोन महिन्यांनी, १४ मे ला मोखा चक्रीवादळ आलं. लाखो माणसांना सुरक्षित जागी नेतो म्हणावं तर पक्की इमारत कुठं? बहुतेकांनी खोपट्यावर दोर आवळले आणि आत बसून राहिली. वादळाचा मुख्य तडाखा म्यानमारच्या बाजूला बसला म्हणून थोडक्यात निभावलं.

---

टपालवाले काका

मी टपाल खात्यात ३६ वर्षं काढली. नोकरीला लागलो तेव्हा बांगलादेशचे निर्वासित आपल्याकडं आलेले, १९७१ साल. जवळजवळ एक कोटी माणूस. सोलापूरपासून सरहद्द दीड हजार किलोमीटर लांब, पण त्यांचा संबंध आमच्या हाताशी रोज येई. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं तिकीट लावायचं होतं. सुरुवातीला नवी तिकिटं छापून आलेली नव्हती. पाच पैशांचं कुटुंब नियोजनाचं तिकीट होतं, त्यावरच शिक्का मारून चालवलं. गिरणीतली माणसं गावाकडं पत्र टाकायला येत. पाच पैसे जास्त का, विचारत. सांगितलं की खिशातून काढून देत. १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत हे चाललं.

तेव्हाचीच दुसरी गोष्ट. बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तिथं डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात कालवून पाजायला लावल्या, आणि पाजायला आई-बाप, भाऊ-बहीण यांनाच बसवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. आज घराघरात जुलाबाला आपण ओआरएसची पुडी फोडतो, तिची ताकद मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा दिसली ती निर्वासितांच्या छावणीत. ते २०२२ साली वारले, त्यानंतर पद्मविभूषण दिलं.

---

कुंभारवेस

काकांनी आठवण काढली म्हणून लिहितो. आम्ही सिंधी. माझी आजी कराचीहून बोटीनं मुंबईला उतरली आणि तिथून कल्याणच्या छावणीत, म्हणजे युद्धाच्या वेळच्या लष्करी बराकीत. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे भिंत म्हणून गोणपाट नाहीतर साडी बांधलेली. आजी सांगायची, गोणपाटापलीकडचं बाळ रडलं की अलीकडच्या आयांना पान्हा फुटायचा. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं, ही तारीख आजीला लिहिता-वाचता येत नसूनही पाठ होती.

पापड लाटून तिनं चार मुलं वाढवली. वडील नंतर सोलापूरला कापडाच्या धंद्यात आले. शाळेत त्यांना पोरं 'निर्वाशित' म्हणून चिडवायची. आजोबांचा त्यावर एकच हट्ट होता. आम्हाला शरणार्थी म्हणायचं नाही, पुरुषार्थी म्हणायचं.

उजनीकाठताई, आजीला नागरिकत्व मिळालं, म्हणून आमचं दुकान उभं राहिलं. भाभींच्या पोराला चहाच्या टपरीच्या पुढं काही आहे का?

---

पंचगंगा

मूळ कोल्हापूरचा, आता नोकरीनिमित्त सोलापुरात. वळिवड्याची छावणी इथल्या किती जणांना माहीत आहे? १९४३ ते १९४८ तिथं पाचेक हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बाया आणि लेकरं. रशियानं सायबेरियात नेऊन टाकलेली, इराणमार्गे इकडं आलेली. कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, सगळं होतं. माझे आजोबा तिथं भाजी घेऊन जात. पोलिश बाया मराठीत भाव करायच्या, असं सांगायचे. ती माणसं गेल्यावर त्याच बराकींत सिंधी आले आणि गावाचं नाव गांधीनगर झालं. आज तिथली कापडाची बाजारपेठ सगळ्यांना माहीत आहे. म्हातारपणी त्या पोलिश मुली कोल्हापूर बघायला परत आल्यात. त्यांना शाळा मिळाली होती, मला वाटतं फरक तिथं पडला.

---

उजनीकाठ

@कुंभारवेस, पान्ह्याची ओळ वाचून मी बराच वेळ थांबले होते.

भाभींच्या मुलाबद्दल. छावणीत शाळा नाहीत, 'शिक्षण केंद्रं' आहेत. सुरुवातीला खालच्या वर्गांएवढंच आणि अनौपचारिक. २०२१ च्या अखेरीपासून म्यानमारचा अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात झाली, बर्मी भाषेत. बांगला शिकवत नाहीत, कारण परत जायचंय. हा मुलगा आला तेव्हा सात-आठ वर्षांचा. गणितात हुशार. मी टाकीचं माप घेत असताना त्यानं मनात गुणाकार करून मला लिटर सांगितले होते, बरोबर. रेशन आठ डॉलरवर आलं तेव्हा वर्ग सुटला. तेरा वर्षांच्या मुलाला टपरीवर पाठवायचं की नाही हे भाभींनी माझ्यापाशी येऊन विचारलं नाही, कुणी विचारत नाही. मीच त्याला टपरीवर कप विसळताना पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मी चहा घेतला आणि निघून आले. तेव्हा काय बोलायला हवं होतं, अजून सुचलेलं नाही. बारा-तेराच्या मुली तर वर्गातून एकदमच नाहीशा होतात. लग्न लावून देतात, घरातलं एक तोंड कमी होतं आणि मुलीची जबाबदारी उतरते म्हणून.

---

निवृत्त सिस्टर

त्वचेच्या रोगाचं कुणी लिहिलं नाही. इतकी दाटी आणि सात लिटर पाणी म्हटल्यावर खरूज असणारच.

---

उजनीकाठ

सिस्टर, अगदी बरोबर ओळखलंत. खरजेची साथ मी होते तेव्हा जोरात होती. घरटी कुणीतरी खाजवत बसलेलं. रात्री झोप नाही, लेकरांच्या बोटांच्या बेचक्यांत, पोटावर फोड, त्यात पू. दवाखान्यात मलम देत, पण मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, आणि त्याच दिवशी सगळे कपडे-अंथरुणं गरम पाण्यानं धुवायची किंवा कडक उन्हात टाकायची. पाच माणसांचं अंथरूण धुवायला सात लिटरांतलं किती काढणार? आणि पावसाळ्यात ऊन कुठलं? शेजारच्या खोपट्यात राहिली की पुन्हा येते. भाभींची धाकटी दोनदा बरी झाली होती, तिसऱ्यांदा उठली. डॉक्टरांच्या बैठकीत मी पहिल्यांदा जाऊन बसले ते यासाठीच. आम्ही एका भागात मलमवाटपाच्या आठवड्यात तोट्या दुप्पट वेळ चालवल्या. त्या भागात फरक पडला, पण डिझेल-बॅटरीचा खर्च मंजूर झाला नाही आणि तो एकाच फेरीत थांबला. मी त्यासाठी जास्त भांडायला हवं होतं.

---

बाळीवेस

आमच्या मंडळाची पोरं विचारूलालेत, आपण सोलापुरी चादरी पाठवल्या तर? यंत्रमागवाले दोघं-तिघं द्यायला तयार आहेत.

---

उजनीकाठ

@बाळीवेस, तुमच्या मुलांना माझा नमस्कार सांगा. पण तिथवर चादर पाठवायचा खर्च चादरीहून जास्त होईल, आणि सीमाशुल्काच्या कागदांत महिने जातील. तिथं पैसेच पोचू देत, वस्तू तिथल्याच बाजारात मिळतात. चादरी द्यायच्याच असतील तर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या वेळेला द्या, शेळगींनी ज्या पालांबद्दल लिहिलंय तिथं. मी कुठल्या कारखान्यावर किती पालं आहेत ते बघून कळवते. आणि सोबत सिस्टरांनी सांगितलेलं विसरू नका, आतले कपडे, पाळीचे कपडे, साबण.

---

शेळगी

पालांची माहिती माझ्याकडं आहे. आमच्या भागातून मुकादमांच्या गाड्या जातात. बाळीवेस, व्यनि (खासगी निरोप) करतो. धागाकर्तीला, मी वरती जे विचारलं त्याचं उत्तर मिळालं.

---

टपालवाले काका

तुमच्या आईंना हे वाचून दाखवलंत का?

---

उजनीकाठ

काका, दाखवलं. काल रात्री. भाभींच्या हिरव्या चिंधीपाशी तिनं थांबवलं आणि म्हणाली, आम्ही पण बांधायचो, बहात्तरच्या दुष्काळात, विहिरीवर. मला हे माहीत नव्हतं. त्या वेळी तिचं माहेर सांगोल्याकडं होतं, खडी फोडायच्या कामावर आजी जायची आणि रांगेत कळशी आईची असायची. दुष्काळात खायला वाटायचे ती सुकडी कशी लागायची तेही सांगितलं. मी पस्तीस वर्षं या घरात आहे, कधी विचारलंच नव्हतं.

आज दुभाष्या मुलीच्या फोनवरून भाभींचा निरोप आला. तिथं पाऊस लागलाय, वरची पायवाट खचलीय, नव्या तोटीचं काम थांबलंय. धाकटी बरी आहे. मुलगा अजून टपरीवरच. शेवटी त्यांनी विचारलं होतं, तुझ्या आईकडं पाणी आलं का, आणि किती वाजता येतं?

मी कळवलं, आलं, पहाटे साडेचारला.